लंकाच्या हातचं

टोपावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे खोलीतली शांतता मोडली. त्याआधी बराच वेळ पुंजा उंबऱ्यात पाठमोरा बसला होता आणि लंका चुलीपुढे पीठ मळत होती. कोपऱ्यात पाच वर्षांची हर्षाली एक पाय पांघरुणाबाहेर टाकून झोपली होती.

"पाणी उतू जातंय," पुंजा म्हणाला.

"दिसतंय मला."

लंकानं पदरानं झाकण बाजूला सारलं. वाफ अंगावर आली तशी तिचा डावा डोळा गळायला लागला. तो तसा कशानंही गळायचा.

"टोळी आलीय पेस्टिंगला, बागेला पेस्ट लावायला."

"म्हाईत हाय. चार दिवसांपासून मालक तिचीच वाट बघत व्हते."

"पेठकडची हाय."

"मंग?"

पुंजानं विडी विझवली. अर्धी तशीच कानावर ठेवली. "भागीवहिनी हाय तिच्यात."

थापता थापता लंकाचा हात थांबला. परातीतली भाकर एका कडेला चिरली. तिनं ती गोळा केली, पाण्याचा हात लावून पुन्हा मळली, पुन्हा थापली. पुन्हा चिरली.

"कवा कळलं तुला?"

"काल सांजचं. पिकअपमधून उतरताना दिसली."

"आन आत्ता सांगतोस."

"काल सांगितलं असतं तर झोपली असतीस का?"

"मंग आत्ता सांगून जेवणार हाय व्हय मी?"

तो उठला आणि फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत पाणी भरायला निघून गेला. चिरलेली भाकर लंकानं तशीच तव्यावर टाकली.

सहा वर्षं झाली होती. पेठच्या पलीकडच्या पाड्यावर दोघी जावा एकाच अंगणात राहत. भागी थोरली, लंका धाकटी. भागीचा योगेश चार वर्षांचा होता. आई कामाला गेली की तो दिवसभर लंकाच्या मागं मागं. एका संध्याकाळी त्याला ताप भरला, मग झटके आले आणि उजाडायच्या आत पोर थंड पडलं. भगतानं सुपात दाणे टाकून पाहिले. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. नाव भागीनं घेतलं. लंकाला तेव्हा तिसरा महिना होता. "हिनं माझं लेकरू खाल्लं आन आपल्या पोटात घातलं," भागी अंगणात लोळून ओरडली, "शेवटचा घास हिच्याच हातचा खाल्ला त्यानं!" मग भुताळी, भुताळी असा गलका उठला. लंकाला घराच्या मेढीला, मधल्या खांबाला बांधलं आणि पुढ्यात निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या. पुंजानं एकेकाचे पाय धरून तिला सोडवली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी दोघं घाट ओलांडून दिंडोरीकडं आली. खंडेरावांच्या द्राक्षमळ्यात त्यांना ही खोली मिळाली. हर्षाली इथंच झाली. डोळा मात्र त्या धुरानं अधू झाला तो झालाच. दिसायचं, पण गळायचा.

मळ्यात आल्यावर सहा-सात महिने लंकानं कुणाला स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नव्हता. खाली ठेवायची आणि मागं सरायची. शेजारच्या मळ्यावर काम करणारी म्हातारी चिमणाबाई एकदा बाळंतिणीला बघायला म्हणून आली आणि चुलीपुढे बसकण मारून म्हणाली, "पोरी, भूक लागलीय. भाकर दे."

"माझ्या हातचं खाऊ नका, मावशी."

"का? हात धुतले नाय व्हय?"

दोन भाकरी खाल्ल्या तिनं. वर ताक मागितलं. त्या दिवशी लंका हुंदके देऊन रडली. चिमणाबाईचाच हात धरून ती मंडळीत आली. मंडळी म्हणजे येशूला मानणाऱ्यांचं, ओढ्याकाठचं एक पत्र्याचं शेड. ओझरच्या कारखान्यात कामाला असलेले अमितभाऊ ऐतवारी मोटारसायकलवर येत आणि पाळकाचं काम करत. तिथं लंकाला पहिल्यांदा कळलं, की कुणी हाकलून दिलेल्या माणसांच्या पंगतीला आपण होऊन बसणारा देव असतो. ते तिच्या मनात खोल गेलं. पण महिन्याच्या पहिल्या ऐतवारी प्रभुभोजन असायचं, येशूची आठवण करून सगळ्यांनी एकाच भाकरीतलं खायचं, त्याची भाकर पाळीपाळीनं एकेका घरातून यायची, आणि लंकाची पाळी कधी आली नव्हती. कधी पोरीला ताप, कधी पीठ संपलं, कधी मळ्यात खाडा नाही. ताट फिरत आलं की ते ती तसंच पुढच्या बाईकडं सरकवायची. आणि सगळी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली, की आपण दुसऱ्याला माफ केल्याची गोष्ट जिथं येते, तिथं ओठ मिटून घ्यायची. पुढची ओळ आली की पुन्हा सगळ्यांच्यात मिसळायची. पाच वर्षं. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं तिला वाटायचं.

सकाळी आठला टोळी गोदामापुढे जमली. छाटणी झालेल्या काड्यांना दुसऱ्या दिवशीच पेस्ट लावावी लागते, म्हणजे कोंबांचे डोळे सगळे एकदम फुटतात. उशीर झाला की बाग मागंपुढं होते, म्हणून खंडेराव घायकुतीला आले होते. ही पेस्ट कातडीला वाईट. लाल रंग घातलेली, दिसायला कुंकवाच्या पाण्यासारखी, पण उघड्या बोटांना लागली की दोन दिवसांत सालं निघतात. रबरी हातमोज्यांचा डबा मालकांनी लंकाकडं दिला होता, कारण दर वर्षी तो अर्ध्यावर गायब व्हायचा.

बाया एकेक करून पुढे येत होत्या, हात पसरत होत्या, लंका जोड देत होती. सगळ्यांत शेवटी भागी आली.

लंकानं तिला ओळखलं ते चालीवरून. तोंड ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं. गाल बसले होते, कपाळ रिकामं. पुंजाचा थोरला भाऊ, भागीचा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हा पुंजा एकटाच जाऊन आला होता. योगेशनंतर तिला मूल झालं नाही, एवढं त्यानं आल्यावर सांगितलं होतं.

भागीचा हात पुढे आला. अर्ध्यावर थांबला. मागं गेला.

"माझे हायेत," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. कमरेच्या पिशवीतून तिनं गेल्या साली वापरलेले मोजे काढले. उजव्याची दोन बोटं टोकाशी उकललेली होती, डाव्याचा अंगठा.

लंकानं ते पाहिलं. डब्यात अकरा जोड उरले होते. ती घेणार नाही, लंका स्वतःला म्हणाली. एक जोड दगडावर ठेवता आला असता. शेजारच्या मळ्यातून मदतीला आलेल्या चिमणाबाईच्या हाती देता आला असता. हे सगळं तिला त्याच क्षणी सुचलं होतं, मागाहून नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं.

तीन दिवस काम चाललं. कापलेल्या कॅनमध्ये पेस्ट, हातात स्पंज. बुडवायचा, पिळायचा, काडी धरायची, डोळ्यांवरून फिरवायचा. पुढची काडी. दुपारपर्यंत खांदे भरून येत. ऑक्टोबरचं ऊन मांडवाच्या तारांमधून सरळ टाळूवर पडत होतं. पानं तर सगळी उतरवलेली. चिमणाबाईचं तोंड तेवढं थकत नव्हतं.

"मेंदी लावतोय ग बायांनो, वेलींना. लगीन हाय पंधरा दिवसांनी."

"तुझंच लाव की मावशी पुन्हा," टोळीतली एक म्हणाली.

"लावते. नवरा तू बघ. दात असलेला बघ, मला चावून द्यायला कुणीतरी पायजे."

सगळ्या हसल्या. भागी हसली नाही. ती लंकाच्या शेजारच्याच ओळीत होती. मधे फक्त काड्या. लंकाला तिचे हात दिसत होते. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी सुजलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी प्यायला थांबल्यावर भागीच्या हातून तांब्या सुटला. तिनं मोजा ओढला आणि मोज्याबरोबर कातडी आली.

"आई ग," टोळीतली एक बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली.

भागी ओरडली नाही. हात पुढे धरून नुसती बघत राहिली, दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी.

खंडेरावांनीच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. परत आली तेव्हा दोन्ही हातांना मनगटाच्या वरपर्यंत पट्ट्या होत्या. आठ दिवस पाणी लागू द्यायचं नाही. टोळीला मात्र थांबता येत नव्हतं. निफाडकडं दुसरी बाग छाटून तयार होती. मुकादम म्हणाला, गाडी माघारी जाईल तेव्हा हिला घेऊन जाऊ. पिकअप धूळ उडवत गेली आणि मळ्यातल्या रिकाम्या बेदाणा शेडमध्ये एका चटईवर भागी एकटी उरली.

"पुंजा," खंडेराव म्हणाले, "तुमच्यातलीच ना रे ती? बघा जरा तिच्या खाण्यापिण्याचं. माझ्या मळ्यात उपाशी मेली म्हणजे निस्तरत बसावं लागंल मला."

पुंजानं लंकाकडं बघितलं. लंका पातेलं घासत होती. ती जास्तच जोरानं घासायला लागली.

संध्याकाळी तिनं ताट वाढलं. बाजरीची भाकर, मुगाचं वरण. शेडच्या दारात उभी राहिली.

"जेवण आणलंय."

भागीनं मान वळवली. ताटाकडं बघितलं, मग लंकाच्या हातांकडं.

"ठेव तिथं."

"या हातांनी कशा खाणार?"

"माझं मी बघीन."

लंका ताट ठेवून परतली. पाठ फिरवताना तिला वाटलं, बरं झालं. आता कळू दे, हातातोंडाची गाठ पडत नाही म्हणजे काय असतं. हा विचार जिभेवर गुळासारखा गोड लागला, आणि खोलीपर्यंत येईतो त्याची चव गेली. सकाळी ताट तसंच होतं. वरणावर मुंग्यांची रांग.

पुंजानं भरवून बघितलं.

"कुणी रांधलं?" भागीनं विचारलं.

"वहिनी, आता काय त्याचं..."

"कुणी रांधलं ते सांग."

त्यानं सांगितलं. भागीनं ओठ मिटले. मग त्यानं दुकानातून बिस्किटांचे पुडे आणले. ते ती त्याच्या हातून कोरडेच खायची, घशात अडकले की उठून नळाशी जायची आणि वाकून नळाला तोंड लावायची, हात दोन्ही बाजूंना पंखासारखे वर धरून. अर्धं पाणी मानेवरून छातीवर ओघळायचं. हर्षालीनं एकदा ते बघितलं आणि धावत आली.

"मम्मी, पप्पा जिला मोठीआई म्हण म्हणतात ती गायीसारखी पाणी पिती."

"बघू नको तिकडं."

"का?"

"नको म्हणलं ना."

असे दोन दिवस गेले. लंकाला वाटायचं, आपल्याला राग येतोय. पण रागसुद्धा दमून बसला होता. मळ्यात काड्या गोळा करायच्या, त्यांचे भारे बांधायचे, पोरीचं डोकं विंचरायचं, शाळेत पाठवायची, आणि प्रत्येक कामाच्या मधे शेडचं दार. तिच्या स्वतःच्या घशाखालीसुद्धा घास उतरेना.

शुक्रवारी दुपारी चिमणाबाई गुडघे धरत धरत आली आणि भाऱ्यावर टेकली.

"या ऐतवारी प्रभूची भाकर तुझी हाय."

"मावशी, माझ्याच्यानं नाय व्हायचं."

"पीठ नाय?"

"पीठ हाय."

"सरपण तर ढिगानं दिसतंय."

"थट्टा करू नका. ती तिथं पडलीय, आन मी प्रभूची भाकर भाजू?"

"तिनं काय केलं ते मला म्हाईत हाय, पोरी."

"तिचं नाय सांगत मी. माझं सांगते." लंकानं हातातली सुतळी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मोजे व्हते माझ्याकडं. अकरा जोड. तिचे फाटलेले मी बघितले. बघितले आन डबा लावला."

चिमणाबाई गुडघा चोळत राहिली.

"सहा वर्षं मी म्हणायचे, बांधलं तिनं, भोगलं मी. देवापुढं माझा हिशोब चोख व्हता. आता काय सांगू त्याला?"

"अजून सांगितलं नाय?"

"नाय."

"सांगितलं नाय म्हणून त्याला कळलं नसंल, असं वाटतंय व्हय तुला?" चिमणाबाई हसली. मग हसू आवरून म्हणाली, "माझ्या सवतीनं माझं घर घेतलं, म्हाईत हाय ना? तिला माफ करायला किती वर्षं लागली सांगू? अजून चालूच हाय. या गुडघ्यावानी हाय ते. रोज सकाळी उठताना दुखतं आन रोज उठावं लागतं. पण येक हाय. देवानं माझ्यावर माया केली, ती गुडघा बरा झाल्यावर नाय केली. दुखत असतानाच केली. तुझ्यावर बी तशीच. तिच्यावर बी."

"तिच्यावर?"

"मंग काय, तुला येकटीलाच वाटून दिलाय व्हय येशू?"

ती उठली. चार पावलं गेल्यावर वळली. "पाच वाजता. मीठ घालू नको, तेवढं ध्यानात ठेव. प्रार्थनेत जिथं गप बसतीस तिथं बसलीस तरी चालंल, पण भाकर आण."

लंकाचे कान तापले. म्हातारीला पाच वर्षं माहीत होतं.

शनिवारी भारे उचलून झाले तेव्हा ऊन कलत होतं. लंकानं हातपाय धुतले, ताट वाढलं आणि शेडमध्ये गेली. या वेळी दारात थांबली नाही. चटईपाशी खाली बसली. भागीच्या अंगाला औषधाचा आणि घामाचा वास येत होता. केसांत जट झाली होती. तिला स्वतःला केस विंचरता येत नव्हते आणि दुसरं कुणी विंचरत नव्हतं.

"बाई," लंका म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं तिला जुन्या नावानं हाक मारली. "मला बोलायचंय."

भागी भिंतीकडं बघत होती.

"माझ्याकडं नवे मोजे व्हते. तुमचे फाटलेले दिसले मला. द्यायला पायजे व्हते. दिले नाय."

"म्हाईत हाय. डबा लावताना बघत व्हते मी."

"मंग बोलल्या का नाय?"

"कोणत्या तोंडानं मागू?"

बाहेर पुंजाच्या ब्लोअरचा आवाज आला आणि लांब गेला.

"मला माफ करा," लंका म्हणाली. हे शब्द कधीतरी कानावर पडतील म्हणून ती सहा वर्षं थांबली होती, आणि ते तिच्याच तोंडून येत होते.

भागीनं हळूच मान वळवली. "तू? तू मागतीस?"

लंकानं मान हलवली. मनातल्या मनात ती म्हणाली, येशू, पुढचं तू बघ, माझं संपलं.

भागी म्हणाली, "लंके, त्या दिवशी काय जेवला तो?"

"कोण?"

"माझा योग्या. मी लावणीला गेले व्हते. आले तवा तो तापात व्हता, मला बोलला बी नाय. सगळे विचारायला लागले, काय खाल्लं, काय खाल्लं. मी म्हणले लंकाच्या हातचं. पण काय, ते मला म्हाईतच नाय. मागून वाटायचं, विचारावं. कुणाला विचारू? तुला तर आम्ही..." ती थांबली. "सहा वर्षं झाली. माझ्या लेकराचा शेवटचा दिवस मला म्हाईत नाय."

लंकाला तो दिवस लख्ख आठवत होता. आठवू नये म्हणून तिनं इतकी वर्षं त्याच्यावर माणसांचा गलका आणि धूर रचून ठेवला होता.

"नागलीची भाकर खाल्ली," ती म्हणाली. "अर्धी. गूळ मागितला. दिला. मंग कोंबडीच्या मागं पळाला, पडला, उठला. पुन्हा आला आन म्हणतो, काकू, अजून गूळ. मी म्हणले, पोट दुखंल. तर म्हणतो कसा, मला नको, आईला. घेतला आन मुठीत धरून उंबऱ्यात बसला, तुमची वाट बघत. मुठीच्या उबेनं गूळ पाघळला, सगळा हात चिकट. धुवायला गेले तर मूठ उघडंना. आई आल्यावर उघडीन म्हणला."

भागी उठून बसली. पट्ट्या बांधलेले हात तिनं छातीशी धरले.

"त्याच्या मुठीत काळं निघालं व्हतं," ती म्हणाली. आवाज आवाजासारखा नव्हता. "आंघोळ घालताना मीच मूठ उघडली. काळं, चिकट. भगताला नेऊन दाखवलं. तो म्हणला, काय ते सांगता येत नाय. पण मला वाटलं... मला वाटलं तू काय तरी दिलंस. करणीचं."

"गूळ व्हता, बाई."

"गूळ."

"तुमच्यासाठी ठेवलेला."

भागीच्या तोंडातून जो आवाज आला तो रडण्याचा म्हणावा असा नव्हता. ती पुढं झुकली, आणि हात टेकता येईनात म्हणून लंकाच्या खांद्यावर कोसळली. लंकाचे हात आधी दोन्ही बाजूंना तसेच राहिले. मग तिनं तिला धरलं. तिला वाटलं होतं, कधी हे अंग जवळ आलं तर आपल्याला मेढ आठवेल, दोर आठवेल. आठवलंच ते. पण त्याबरोबर उंबऱ्यात मूठ आवळून बसलेलं पोरही आठवलं, आणि ते दोघींचं होतं.

ऊन पत्र्यावरून खाली उतरलं. ताटातलं वरण गार झालं होतं. लंकानं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि पुढं धरला. भागीनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. लंकानं घास ठेवला. भागी चावत राहिली, चावत राहिली, गिळताना तिच्या गळ्याची शीर वर आली. मग दुसरा. मग तिसरा.

चौथ्या घासाला ती म्हणाली, "मीठ कमी हाय."

"तुम्हाला पहिल्यापासून जास्त लागतं."

"पहिल्यापासून तू कमी घालतीस."

लंकानं पदराच्या टोकानं तिची हनुवटी पुसली. हलकं हलकं वाटेल, असं तिनं मंडळीत पुष्कळदा ऐकलं होतं. तसं काही वाटलं नाही. दमल्यासारखं वाटलं फक्त, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर मान आणखीच दुखते तसं. माफ केलं का आपण हिला? तिला सांगता आलं नसतं. पण घास पुढं जात होता.

ऐतवारी दुपारी तिनं भाकर भाजली. बिनमिठाची. एकदाही चिरली नाही. फडक्यात गुंडाळून निघाली, तेव्हा शेडमधून हाक आली. सकाळी तिनंच तेल लावून विंचरलेले भागीचे केस मागं नीट बांधलेले होते.

"कुठं चाललीस?"

"प्रार्थनेला."

"तुमच्या त्या येशूच्या?" भागीनं जरा विचार केला. "माझं नाव घे तिथं. हातांसाठी."

"घेईन."

"आन त्याचं बी घेशील?"

"त्याचं बी."

मंडळीत त्या दिवशी पंधरावीस माणसं होती. छाटणीचा हंगाम, सगळ्यांच्या नखांत लाल रंग. अमितभाऊ रात्रपाळी करून आले होते. प्रार्थना सांगताना मधेच त्यांना जांभई आली आणि पुढच्या बाया गालात हसल्या. कुणासाठी प्रार्थना करायची आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा लंका उभी राहिली. "भागीबाईच्या हातांसाठी," ती म्हणाली. थोडं थांबून, "आन योगेशसाठी. तो गेला. पण त्याचं नाव घ्यायचंय." मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. ती जागा आली. लंकानं ओठ मिटले नाहीत. आवाज फुटला नाही, नुसती कुजबुज झाली, पण ती तिथून पार गेली. चिमणाबाई डोळे मिटून होती. तिनं फक्त कोपरानं लंकाला ढोसलं. ताट फिरत आलं. लंकानं तिच्याच हातची भाकर उचलली आणि तोंडात घातली.

परतताना हर्षालीनं तिचं बोट धरलं होतं. ओढ्याकडनं गार वारा येत होता, दोन्ही बाजूंना लाल डोळ्यांच्या उघड्या बागा. पोरगी बराच वेळ चपलेनं दगड लाथाडत चालली. मग म्हणाली,

"मम्मी, योगेश कोण?"

"तुझा भाऊ. मोठीआईचा."

"मेला तो?"

"हां."

"कशानं?"

"ताप आला व्हता त्याला."

"मला आला व्हता तवा तू येशूला सांगितलं व्हतं. रात्रभर. पप्पा म्हणतात."

"व्हय."

"मंग त्याच्यासाठी का नाय सांगितलं?"

लंकानं तिला उचलून कडेवर घेतलं. पोर आता जड झाली होती, पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

"तवा मी येशूला ओळखत नव्हते ग."

हर्षालीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग डोकं उचलून तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं.

"पण तो तर तुला ओळखत व्हता ना?"